स्तनाच्या कर्करोगातल्या मूलपेशी सगळ्या एकसारख्या असतात का?

प्रश्न असा आला आहे: स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत थोड्याशा ‘कॅन्सर स्टेम सेल’, म्हणजे कर्करोगाच्या मूलपेशी, असतात आणि उपचारांनंतर आजार त्यांच्यामुळेच उलटतो, असं वाचलं. या पेशी सगळ्या गाठींत एकाच प्रकारच्या असतात का? आणि असतील, तर थेट त्यांनाच मारणारं औषध अजून का नाही? विचारणारी जीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे आणि तिच्या आईवर याच आजाराचे उपचार चालू आहेत. म्हणून उत्तर दोन्ही अंगांनी देते.

आधी थेट उत्तर. नाही, त्या एकसारख्या नसतात. वेगवेगळ्या रुग्णांत तर नसतातच, पण एकाच गाठीतही त्यांचे निदान दोन गट स्पष्ट वेगळे काढता येतात, दोन्हींच्या मधल्या छटाही सापडतात, आणि एका गटातली पेशी दुसऱ्या गटात जाऊ शकते. औषधाच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या शेवटच्या गोष्टीत आहे, म्हणून तिच्यापर्यंत नीट पोचू या.

कर्करोगाच्या संदर्भात मूलपेशी म्हणजे काय, हे पेशीच्या दिसण्यावरून ठरत नाही. तिच्यात दोन क्षमता लागतात: विभागताना स्वतःसारखी दुसरी पेशी तयार करणं, आणि मूळ गाठीत जितक्या तऱ्हेच्या पेशी होत्या तितक्या सगळ्या पुन्हा निर्माण करणं. हे तपासायची नेहमीची रीत म्हणजे गाठीतल्या पेशी वेगवेगळ्या गटांत विभागायच्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत टोचायच्या आणि कोणत्या गटातून, किती कमी पेशींत नवी गाठ उभी राहते ते पाहायचं. त्या गाठीतल्या पेशी काढून दुसऱ्या उंदरात, मग तिसऱ्या उंदरात तेच घडलं, तरच स्वतःला टिकवण्याची क्षमता सिद्ध झाली असं धरतात.

रक्ताच्या कर्करोगात हे आधी दिसलं होतं. टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये ल्युकेमियाच्या पेशींवर तो प्रयोग केला. स्तनाच्या कर्करोगात, म्हणजे घट्ट गाठीच्या आजारात, हीच गोष्ट प्रथम दाखवली ती मिशिगन विद्यापीठात, २००३ मध्ये, मायकेल क्लार्क आणि मॅक्स विचा यांच्या गटाने. ज्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी४४ हे प्रथिन भरपूर आणि सीडी२४ नाही किंवा अगदी थोडं, अशा जेमतेम १०० पेशींतून उंदरात गाठ तयार झाली. उलट, इतर पेशी हजारोंनी टोचूनही गाठ आली नाही. ९ रुग्णांपैकी ८ जणींच्या नमुन्यांत हाच प्रकार दिसला. त्यानंतर काही वर्षं ‘सीडी४४ आहे, सीडी२४ नाही’ हीच जणू स्तनाच्या कर्करोगातल्या मूलपेशीची व्याख्या होऊन बसली.

२००७ मध्ये त्याच विद्यापीठातून दुसरी खूण पुढे आली. अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज, म्हणजे एएलडीएच, हे एन्झाइम ज्या पेशींत जोरात काम करतं त्या पेशीही गाठ उभारतात, असं क्रिस्तोफ जिनेस्तिए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. गंमत इथे आहे: हे दोन गट एकच निघाले नाहीत. एएलडीएच असलेल्या आणि सीडी४४-सीडी२४ची खूण असलेल्या पेशींची सरमिसळ अगदी थोडी होती. दोन्ही खुणा एकत्र असलेल्या पेशी सगळ्यात ताकदवान होत्या. अशा फक्त २० पेशींतून गाठ आली. याच अभ्यासात ५७७ रुग्णांच्या गाठींचे तुकडे एएलडीएच१ साठी रंगवून पाहिले, तेव्हा ही खूण असलेल्या गाठींचा पुढचा प्रवास अधिक वाईट होता.

मग खरी मूलपेशी कोणती, यावर बराच वाद झाला. माझ्या मते त्यावरचं सगळ्यात समाधानकारक उत्तर २०१४ मध्ये आलं. विचा यांच्याच गटाने दोन्ही तऱ्हेच्या पेशींची जनुकं कशी चालू-बंद असतात ते तपासलं आणि त्या पेशी गाठीत बसतात कुठे, तेही पाहिलं. सीडी४४ असलेल्या, सीडी२४ नसलेल्या पेशी गाठीच्या बाहेरच्या कडेला, जिथे गाठ शेजारच्या ऊतीत घुसत असते तिथे जास्त सापडल्या. त्या फारशा विभागत नाहीत, त्यांची शेजारच्या पेशींशी असलेली पकड सैल असते आणि त्या हलू शकतात. यालाच मेझेनकायमल अवस्था म्हणतात. एएलडीएचच्या पेशी गाठीच्या आतल्या भागात जास्त, शेजाऱ्यांना घट्ट धरून आणि जोरात विभागणाऱ्या. ही एपिथेलियल अवस्था. आणि दोन्ही एकमेकींत बदलू शकतात.

हा बदल आजाराच्या पसरण्याशी कसा जोडलेला आहे, ते पाहा. कडेची पेशी सुटते, रक्तात शिरते, फुप्फुसात किंवा हाडात जाऊन पोचते. पण तिथे पोचून ती तशीच संथ राहिली तर काही मिलिमीटरचीही गाठ होणार नाही. दुसऱ्या जागी वाढायचं तर तिला पुन्हा विभागणारी एपिथेलियल पेशी व्हावं लागतं. म्हणजे पसरण्यासाठी एक अवस्था आणि रुजण्यासाठी दुसरी. अवस्था बदलण्याची क्षमता हीच या पेशींची खरी ताकद आहे. एपिथेलियल पेशीला मेझेनकायमल केलं की तिच्यात मूलपेशीचे गुण येतात, हे रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवलं होतंच. पुढच्या कामातून हेही दिसलं की पूर्णपणे मेझेनकायमल झालेल्या पेशी गाठ उभारण्यात उलट कमी पडतात. दोन्ही अवस्थांच्या मध्ये अडकलेल्या, थोडे हे आणि थोडे ते गुण असलेल्या पेशी सर्वांत धोकादायक. तेव्हा दोन गट ही सुद्धा सोय म्हणून केलेली विभागणी आहे. प्रत्यक्षात एक लांब पट्टा आहे आणि पेशी त्यावर मागेपुढे सरकत असतात.

ही विविधता येते कुठून? पहिलं कारण निरोगी स्तनातच आहे. दुग्धवाहिनीच्या नळीला आतून ल्युमिनल पेशींचं अस्तर असतं आणि बाहेरून बेसल पेशींचा थर. २००६ मध्ये मेलबर्न आणि व्हँकुव्हर इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की उंदराच्या स्तनातली योग्य अशी एकच पेशी रोपली तरी तिच्यातून संपूर्ण दुग्धग्रंथी तयार होऊ शकते. २०११ मध्ये ब्रसेल्सच्या गटाने पेशी जागेवरच रंगवून त्यांच्या पिढ्यांचा माग काढला, तेव्हा चित्र वेगळं आलं: प्रौढ उंदरात ल्युमिनल थर आणि बेसल थर आपापल्या स्वतंत्र मूलपेशींवर चालतात, आणि सर्व काही घडवण्याची क्षमता रोपणाच्या धक्क्यानंतर दिसते. नंतर काही गटांना दोन्ही थर घडवणाऱ्या पेशीही सापडल्या. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण आपल्यासाठी मुद्दा एवढाच की निरोगी ऊतीतच मूलपेशी एका साच्याच्या नाहीत. कर्करोगाच्या दोन गटांचं रूपही या निरोगी जोडीशी जुळतं: सीडी४४चा गट बेसल मूलपेशीच्या जवळचा, एएलडीएचचा गट ल्युमिनल पूर्वज पेशीच्या जवळचा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. कर्करोग ज्या पेशीत सुरू झाला ती पेशी आणि आज गाठ चालती ठेवणारी मूलपेशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीआरसीए१ जनुकात दोष असलेल्या स्त्रियांना बहुधा बेसल प्रकारचा, म्हणजे बेसल पेशींसारखे गुण असलेला, कर्करोग होतो, म्हणून तो बेसल मूलपेशीत सुरू होत असणार असं सगळे गृहीत धरत होते. २००९ मध्ये जेन व्हिसव्हेडर आणि जेफ्री लिंडमन यांच्या गटाने दाखवलं की या स्त्रियांच्या स्तनात बिघाड दिसतो तो ल्युमिनल पूर्वज पेशींत, म्हणजे ज्यांच्यापासून ल्युमिनल पेशी बनतात त्यांत. पुढे त्याच गटाने त्यातल्या रँक हे प्रथिन असलेल्या पेशींवर बोट ठेवलं, आणि हाडं ठिसूळ होण्यावर दिलं जाणारं डेनोसुमॅब हे औषध बीआरसीए१चा दोष असलेल्या निरोगी स्त्रियांत कर्करोग टाळू शकतं का, याची मोठी चाचणी सुरू झाली. मूलपेशींच्या अभ्यासातून रुग्णापर्यंत येणारी मला सर्वाधिक आवडणारी वाट हीच आहे, कारण इथे लक्ष्य असलेली पेशी अजून कर्करोगाची झालेलीच नाही.

दुसरं कारण जनुकीय. गाठ वाढताना पेशींत नवे बदल साठत जातात आणि वेगवेगळ्या बदलांच्या शाखा फुटतात. काही लेखांत ‘शाखांचं मॉडेल’ विरुद्ध ‘मूलपेशींचं मॉडेल’ अशी कुस्ती लावलेली दिसते. तिची गरज नाही. प्रत्येक शाखेची स्वतःची मूलपेशी आणि तिच्या खालची उतरंड असू शकते, आणि एका गाठीत अशा अनेक उतरंडी शेजारी शेजारी नांदतात. तिसरं कारण परिसर: ऑक्सिजन किती, जवळ कोणत्या रक्तपेशी, आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतीला आधार देणाऱ्या पेशी, कोणते संदेश सोडतात, यावर पेशीची अवस्था हलते.

आजाराच्या प्रकारानुसारही फरक पडतो. सीडी४४-सीडी२४ची खूण बेसल प्रकारच्या गाठींत जास्त आढळते, एएलडीएच१ बेसल आणि हर-२ (पेशीला वाढीचा संदेश देणारं पृष्ठभागावरचं प्रथिन) जास्त असलेल्या प्रकारांत. हॉर्मोन रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोनचा संदेश घेणारी प्रथिनं, असलेल्या ल्युमिनल गाठींत दोन्ही खुणांच्या पेशी तुलनेने कमी. यावरून ल्युमिनल आजार निर्धास्त, असा निष्कर्ष मात्र काढू नका. २०१७ मध्ये ६२,९२३ स्त्रियांच्या माहितीचा आढावा प्रसिद्ध झाला. ५ वर्षं हॉर्मोनविरोधी गोळ्या घेऊन तोवर आजारमुक्त राहिलेल्या या स्त्रियांत, त्यापुढे २० व्या वर्षापर्यंत आजार दूरच्या अवयवात उलटण्याचा धोका मूळ गाठ आणि लसिका ग्रंथींच्या स्थितीनुसार १० ते ४१ टक्के होता. इतकी वर्षं काही पेशी कुठेतरी निपचित राहिल्या असणार. गाठीत खूण असलेल्या पेशी किती टक्के, एवढ्या आकड्यावरून हे उमगत नाही. त्या किती काळ झोपू शकतात आणि कशाने जाग्या होतात, हे त्याहून महत्त्वाचं आहे.

आता ज्या गोष्टीवर माझा सर्वाधिक भर असतो ती. २०११ मध्ये पीयूष गुप्ता, एरिक लँडर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या दोन पेशीवंशांतल्या, सम१५९ आणि सम१४९, पेशी तीन अवस्थांत वेगळ्या केल्या: मूलपेशीसारख्या, बेसल आणि ल्युमिनल. प्रत्येक गट अगदी शुद्ध करून स्वतंत्र वाढवला. थोड्याच दिवसांत प्रत्येक थाळीत तिन्ही अवस्था परतल्या, आणि त्याही जवळजवळ मूळच्याच प्रमाणात. म्हणजे मूलपेशी नसलेल्या पेशींतूनही मूलपेशीसारख्या पेशी तयार झाल्या. त्याच वर्षी ख्रिस्टीन चॅफर यांनीही अशाच उलट्या प्रवासाचे पुरावे दिले. समजा तुमच्याकडे मूलपेशींना शंभर टक्के मारणारं औषध आहे. उरलेल्या पेशी जिवंत असतील तर त्यांतल्या काही रिकामी जागा भरतील. उलट केमोथेरपी मुख्यतः विभागणाऱ्या पेशी मारते आणि संथ पेशी मागे ठेवते. २००८ च्या एका अभ्यासात केमोच्या आधी आणि १२ आठवड्यांनंतर त्याच रुग्णांच्या बायोप्सी तपासल्या, तेव्हा सीडी४४-सीडी२४च्या खुणेच्या पेशींचं सरासरी प्रमाण ४.७ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं होतं. गाठ आकाराने लहान झाली तरी तिच्यातला हा वाटा वाढतो. या पेशी किरणोपचारालाही जास्त दाद देत नाहीत, असं २००६ मध्ये थाळीतल्या पेशींवर दिसलं होतं.

औषधांचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २००९ मध्ये सुमारे १६,००० रसायनं चाळून सॅलिनोमायसिन हे कोंबड्यांच्या खाद्यात वापरलं जाणारं प्रतिजैविक निवडलं गेलं. त्याने मेझेनकायमल तऱ्हेच्या मूलपेशी पॅक्लिटॅक्सेल या नेहमीच्या केमोच्या औषधाच्या तुलनेत शंभर पटींहून अधिक घटवल्या. पण माणसाला ते सहन होणारं नव्हे. नॉच या संदेशमार्गावरच्या औषधांना आतड्यावरच्या दुष्परिणामांनी अडवलं, कारण आतड्याच्या निरोगी मूलपेशीही त्याच मार्गावर चालतात. सीएक्ससीआर१ या रिसेप्टरला रोखणारं रेपारिक्सिन उंदरांत फार आशादायक होतं. पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह (हॉर्मोन रिसेप्टर आणि हर-२ तिन्ही नसलेल्या) आजारात पॅक्लिटॅक्सेलसोबत देऊन पाहिलं, तेव्हा आजार थोपवण्याचा काळ वाढला नाही.

हर-२ची कहाणी सर्वांत शिकवणारी. हर-२ जनुकाच्या प्रती वाढलेल्या नाहीत अशा ल्युमिनल गाठींतही मूलपेशी हर-२ प्रथिनावर अवलंबून असतात, विशेषतः हाडात पोचलेल्या, असं २०१३ मध्ये विचा यांच्या गटाने मांडलं. एका जुन्या चाचणीत प्रयोगशाळेच्या फेरतपासणीत हर-२ निगेटिव्ह ठरलेल्या काही स्त्रियांनाही ट्रॅस्टुझुमॅब या हर-२विरोधी औषधाचा लाभ झाल्यासारखा दिसला होता, त्याचं स्पष्टीकरण यातून मिळत होतं. तर्क सुंदर होता. मग बी-४७ ही चाचणी झाली. हर-२ अल्प प्रमाणात असलेल्या ३,२७० स्त्रियांपैकी निम्म्यांना केमोसोबत ट्रॅस्टुझुमॅब दिलं. ५ वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण औषध घेतलेल्यांत ८९.८ टक्के, न घेतलेल्यांत ८९.२ टक्के. म्हणजे फरक नाही. मूलपेशींची कल्पना चुकीची असा याचा अर्थ मी घेत नाही. एका अवस्थेतल्या पेशींचा एक दरवाजा बंद केला आणि बाकीचे उघडे राहिले, असा घेते. म्हणूनच दोन्ही अवस्थांवर एकदम मारा करणारी जोडी, किंवा पेशीला अवस्था बदलू न देणारं औषध, या दोन दिशा मला योग्य वाटतात. चाचण्यांत यशाचं मापही बदलायला हवं. मूलपेशींवरच्या औषधाने गाठ चटकन लहान होणार नाही, कारण गाठीचा बहुतांश भाग त्या पेशींचा नसतोच. आजार किती उशिरा उलटला ते पाहावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात.

आता विद्यार्थिनी म्हणून तुमच्यासाठी, कारण शोधनिबंध वाचताना हे उपयोगी पडेल. सीडी४४ आहे आणि सीडी२४ नाही अशा पेशी गाठीत कर्करोगाच्याच असतात असं मुळीच नाही. पांढऱ्या रक्तपेशींवर सीडी४४ असतं, फायब्रोब्लास्टवरही असतं. गाठ विरघळवून पेशी सुट्या केल्यानंतर या परक्या पेशी सीडी४५ (रक्तपेशींची खूण), सीडी३१ (रक्तवाहिन्यांच्या पेशींची खूण) अशा खुणांनी आधी बाजूला काढल्या नाहीत, तर ‘२० टक्के मूलपेशी’ असा दिपवणारा आकडा येतो आणि त्यातला मोठा वाटा रक्तपेशींचा निघतो. गाठ विरघळवायला कोणतं एन्झाइम आणि किती वेळ वापरलं तेही पाहा. ट्रिप्सिन जास्त झालं की पृष्ठभागावरची प्रथिनंच छाटली जातात. मेलेल्या पेशी वगळल्या होत्या का? सीडी२४ ‘कमी’ म्हणजे किती, ती रेघ तुलनेच्या कोणत्या नमुन्यावरून (कंट्रोल) ओढली? एएलडीएचच्या चाचणीत तर एन्झाइम रोखणाऱ्या डीईएबी या रसायनासोबतचा नमुना शेजारी हवाच. हे नसेल तर मी पुढचे आलेख वाचत नाही.

उंदरांच्या प्रयोगालाही मर्यादा आहेत. मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगात, मूलपेशी लाखांत एखादी असते असं मानलं जायचं. २००८ मध्ये मिशिगनच्याच शॉन मॉरिसन यांच्या गटाने अधिक दुबळ्या प्रतिकारशक्तीचे उंदीर वापरले, पेशींना मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलचा आधार दिला आणि जास्त दिवस वाट पाहिली, तेव्हा जवळपास दर चारांतल्या एका पेशीने गाठ उभारली. स्तनाचा कर्करोग म्हणजे मेलानोमा नव्हे, पण ‘एवढ्या पेशींत एक मूलपेशी’ हा आकडा उंदराची जात आणि प्रयोगाची रीत सांगितल्याशिवाय अर्थहीन आहे. खूण म्हणजे पेशीचा गणवेश. तो तिला बदलता येतो आणि दुसऱ्यालाही घालता येतो.

आणि मुलगी म्हणून. आईच्या रिपोर्टमध्ये मूलपेशींचा कुठलाच उल्लेख नाही म्हणून अस्वस्थ होऊ नका. सीडी४४, सीडी२४ किंवा एएलडीएच१ची तपासणी आज नेहमीच्या उपचारांचा भाग नाही आणि तिच्यावरून कोणतंही औषध निवडलं जात नाही. निर्णय होतात ते ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचे रिसेप्टर) आणि हर-२ यांवर, गाठीचा आकार आणि ग्रेड, काखेतल्या लसिका ग्रंथी, गरजेप्रमाणे केआय-६७ (किती पेशी विभागत आहेत ते दाखवणारी खूण) आणि जनुकीय चाचण्या यांवर. ‘तुमच्या मूलपेशी मोजून देतो’ किंवा ‘मूलपेशी मारणारं खास औषध’ असं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर आईच्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. तिला हॉर्मोनविरोधी गोळ्या दिल्या असतील तर त्या ठरलेल्या सगळ्या वर्षांसाठी घेणं, त्रास होतो म्हणून परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घेणं, हे आज झोपलेल्या पेशींविरुद्ध आपल्या हातात असलेलं सर्वांत भक्कम साधन आहे. आणि उपचारांनंतर आजार पुन्हा कुठे दिसलाच, तर तिथली बायोप्सी करून ईआर, पीआर आणि हर-२ पुन्हा तपासायचे का, हे जरूर विचारा. पहिल्या गाठीचा रिपोर्ट दुसऱ्या जागी वाढलेल्या पेशींना नेहमी लागू पडतोच असं नाही.